दुसऱ्याचा काय विचार?

प्रश्न (ऐरोली, वय ३३): मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसा मुलीला सासूबाई सांभाळतात. त्यांचे गुडघे आता फार दुखतात. घरात रोज एकच विषय, दुसऱ्याचा काय विचार? त्यात बातम्यांत सांगतात की देशाचा जन्मदर घसरलाय, तीन मुलं हवीत. लहानपणापासून भिंतींवर तर 'दोन पुरे' वाचत आलो. खरं काय? सरकारनं पैसे दिले, रजा दिली, तर जन्मदर वाढतो का? आणि आम्ही एकीवरच थांबलो तर चुकतंय का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. नाही, काही चुकत नाही. एकीवर थांबलात तरी देशाचं अडत नाही, आणि दुसरं झालं म्हणून देशावर उपकारही होत नाहीत. तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, पुढे आकडे येतीलच.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एमबीबीएस झाल्यावर पहिली नोकरी शहापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केली, १९९४ ते ९६. मग पुढचं शिक्षण, आणि नंतर ठाण्याच्या नौपाड्यात दवाखाना, तो आजतागायत. शहापुरात माझं काम होतं पाळणा थांबवायचं. आता निम्मा दिवस पाळणा हलत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांबरोबर जातो. मधल्या तीस वर्षांत काय बदललं ते मी अहवालांत वाचायच्या आधी केसपेपरवर पाहिलंय.

पहिल्यांदा शब्दांचा घोळ सोडवू. बातमीत 'जन्मदर' म्हणतात तेव्हा दोन निराळ्या गोष्टींची मिसळ झालेली असते. जन्मदर म्हणजे हजार माणसांमागे वर्षाला किती बाळं जन्मली. १९७१मध्ये आपल्याकडे तो ३७च्या आसपास होता, २०२०मध्ये १९.५. गदारोळ चाललाय तो दुसऱ्या आकड्यावरून, एकूण प्रजनन दरावरून. एखाद्या वर्षी विशीतल्या, तिशीतल्या, चाळिशीतल्या बायकांना ज्या प्रमाणात मुलं झाली, त्याच प्रमाणात एकाच बाईचं सगळं आयुष्य गेलं असं धरायचं आणि तिला किती मुलं होतील ते काढायचं. म्हणजे ही बाई कागदावरची आहे, कुठल्याही चाळीत किंवा टॉवरमध्ये राहत नाही. त्यामुळे एक गंमत होते. एका पिढीनं चोविसाव्या वर्षाऐवजी तिसाव्या वर्षी मूल होऊ दिलं, तरी मधली काही वर्षं हा आकडा खाली जातो, मग शेवटी मुलं तेवढीच का होईनात. उशिरा झालेली मुलं आणि न झालेली मुलं त्या-त्या वर्षी सारखीच दिसतात. आपल्या शहरांत सध्या दोन्ही चाललंय, म्हणून दर वर्षीच्या आकड्यानं छाती धडधडू देऊ नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हा दर १९९२-९३मध्ये ३.४ होता. २००५-०६मध्ये २.७, २०१५-१६मध्ये २.२ आणि २०१९-२१मध्ये २.०. शहरांपुरता पाहिला तर १.६. महाराष्ट्राचा १.७, बिहारचा ३ आणि सिक्कीमचा १.१. एकाच देशात इतकी तफावत असताना 'भारताचा जन्मदर' असं एका दमात बोलणं म्हणजे महाबळेश्वर आणि चंद्रपूरच्या तापमानाची सरासरी काढून कपडे घालणं.

२.१ या आकड्याला लोक लक्ष्मणरेषा समजतात. त्याचा अर्थ साधा आहे. दोन आईबापांच्या जागी दोन माणसं, आणि वरचा दशांश यासाठी की निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात आणि काही मुली मोठ्या होईपर्यंत जगत नाहीत. आपण तर मुली जन्माआधीच कमी केल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, १९८८मध्ये. तरी २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या ८९४, त्याच्या दहा वर्षं आधी ९१३ होत्या. कुटुंब छोटं हवं, पण त्यात मुलगा हवाच, या दोन हट्टांच्या मध्ये त्या सापडल्या. छोट्या कुटुंबाचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवायची नाही, मी तरी ठेवत नाही.

दर २.१च्या खाली गेला म्हणजे उद्यापासून माणसं कमी होणार, असंही नाही. आज विशीत-तिशीत असलेल्यांची संख्याच इतकी मोठी आहे की प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी एकूण बेरीज वाढत राहते. फास्ट लोकलचा ब्रेक कोपरीच्या पुलापाशी लागतो, गाडी उभी राहते ठाण्याचा फलाट संपता संपता, तसं. २०२३मध्ये आपण चीनला मागे टाकलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं आपली लोकसंख्या या शतकाच्या साठीत जवळपास १७० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. देश ओस पडणार वगैरे भीती बाजूला ठेवा. (मराठी शाळा ओस पडतायत त्याचं खापरही जन्मदरावर पूर्ण फोडू नका. त्यात आपल्या सगळ्यांचा हात आहे, माझाही. माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात शिकली.) म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढणार, हे मात्र खरं, आणि त्याची तयारी कोणीच केलेली नाही.

आता 'सरकारनं केलं' या समजुतीकडे येते, कारण तुमच्या मुख्य प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

शहापुरातला मार्च महिना मला अजून आठवतो. कुटुंबनियोजनाचं टार्गेट ३१ मार्चला संपायचं. फेब्रुवारीपर्यंत सगळं थंड, आणि मग एकदम धावपळ. आरोग्यसेविका पाड्यापाड्यावर 'केस' शोधत फिरायच्या. एकीला दोन कमी पडायच्या, दुसरी तिला उसन्या द्यायची, पुढच्या महिन्यात परत घ्यायची. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा कॅम्प लागला की व्हरांड्यात सतरंजीवर ओळीनं बायका झोपवलेल्या, आणि बाहेर वडाला बांधलेल्या झोळीत कुणाचं तरी तीन-चार महिन्यांचं मूल सासू झोके देत असायची. हे सगळं मला तेव्हाही आवडलं नव्हतं. माणसांची मोजणी करावी तशी ती ऑपरेशनं मोजली जायची.

पण त्याच कॅम्पातली एक बाई लक्षात राहिलीय. चोवीस-पंचवीसची असेल, पदरात तीन मुलं. तिला कोणी आणली नव्हती, आपणहून दोन तास चालत आली होती. टेबलावर झोपताना एवढंच विचारलं, "बाई, परत राहनार नाही ना?" नवरा बाहेर झाडाखाली बिडी ओढत बसलेला. त्याला म्हटलं, तुमचं ऑपरेशन अर्ध्या वेळात होतं, टाकाही घालावा लागत नाही. तो म्हणाला, "मला जड उचलावं लागतं." जड तीही उचलत होती, पाण्याचे दोन हंडे आणि कडेवर पोर. २०१९-२१च्या सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के निघाली. हा फरक पूर्वापार नव्हता. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यातले बहुसंख्य पुरुष होते. त्या जबरदस्तीची धास्ती अशी बसली की पुरुष या दारातून कायमचे बाहेर गेले आणि सगळं ओझं बायकांच्या पोटावर आलं. जोर करून मिळवलेल्या एका वर्षाच्या आकड्याची किंमत पन्नास वर्षं फेडतोय आपण.

आणि मग एप्रिल १९९६मध्ये केंद्र सरकारनं टार्गेट काढूनच टाकली. आमच्या केंद्रात सगळ्यांना वाटलं, झालं, आता कोणी फिरकणार नाही. पहिले काही महिने संख्या खरोखर पडली. मग बायका यायला लागल्या, आणणाऱ्याशिवाय. देशाचा दर त्यानंतरही उतरतच राहिला, आणि टार्गेटबिर्गेट काही नसताना ३ वरून २ वर आला. का? एक कारण म्हणजे जन्मलेली मुलं जगू लागली. १९७१मध्ये हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जात, २०२०मध्ये २८. पाचांतली तीन तरी हाताशी राहावीत म्हणून पाच होऊ देण्याची गरज संपली. दुसरं, मुली शाळेत टिकल्या, लग्नं दोन-चार वर्षं पुढे गेली. तिसरं, मूल वाढवणं महाग झालं. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा समाजानं त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं, विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बाईला ठरवू द्या. शंभर वर्षांनी बायकांनी ठरवलं. सरकारचा वाटा साधनं पोचवण्याचा, आणि तो मोठा आहे. पण इच्छा सरकारनं निर्माण केली नव्हती. सर्वेक्षणात 'हवी होती तेवढीच मुलं झाली असती तर' असा एक दर काढतात. तो १.६ येतो, प्रत्यक्षातल्या २.०पेक्षाही कमी.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण 'पैसे दिले तर वाढेल का' याचं उत्तर यातच आहे. जे सरकारच्या सांगण्यावरून खाली आलं नाही, ते सरकारच्या सांगण्यावरून वर कसं जाईल?

बाहेरच्या देशांनी करून पाहिलंय. सिंगापूरनं आधी 'दोनावर थांबा' म्हणून कडक मोहीम चालवली आणि १९८७मध्ये घोषणाच फिरवली: परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या. २०२३मध्ये तिथला दर एकाच्याही खाली गेला. दक्षिण कोरियाचीही तीच कथा. तिथेही एके काळी दोनांचा प्रचार होता. २००६पासून मुलं व्हावीत म्हणून योजनांवर योजना, अनुदानं, भत्ते, आणि २०२३चा दर ०.७२. दुसऱ्या वर्षी तो ०.७५ झाला तर त्याची जगभर बातमी झाली. चीननं १९८०च्या सुमाराला एक मूल सक्तीचं केलं, २०१६पासून दोन चालतील म्हणाले, २०२१मध्ये तीन. २०१६मध्ये तिथे पावणेदोन कोटींवर बाळं जन्मली होती, २०२३मध्ये नव्वद लाख. परवानगी मिळाल्यावर मुलं होतात हा समज तिथे निकालात निघाला.

हंगेरीचं उदाहरण हल्ली आपल्याकडे उत्साहानं देतात. चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ, तरुण जोडप्यांना बिनव्याजी कर्ज, तिसरं मूल झालं की उरलेलं कर्ज रद्द. दर १.२५च्या आसपास होता तो २०२१पर्यंत १.६वर गेला. सगळे म्हणाले, बघा जमलं. २०२४मध्ये तो १.४च्या खाली परत आला. माझ्या वाचनाप्रमाणे तिथे झालं असं, की ज्यांना पुढेमागे मूल हवंच होतं त्यांनी सवलत असेतो उरकून घेतलं. दिवाळीच्या सेलमध्ये फ्रीज घेतला म्हणून घरात दोन फ्रीज होत नाहीत. स्वीडननंही हे नव्वदीत भोगलं. रजेचे नियम असे केले की दोन मुलांतलं अंतर कमी ठेवलं तर फायदा. १९९०मध्ये दर २.१वर गेला, १९९९मध्ये १.५. तरीही स्वीडन आणि फ्रान्सकडून शिकण्यासारखं आहे. फ्रान्स २०२४मध्ये १.६२ होता, स्वीडन १.४३. उतरलेत दोघंही, पण कोरियाच्या दुपटीच्या आसपास आहेत. या देशांनी बाळाच्या जन्मावर बक्षीस लावण्यापेक्षा पुढची पाच वर्षं ते मूल कोण सांभाळणार यावर पैसे घातले. फ्रान्समध्ये तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण दिवसाची फुकट शाळा आहे. स्वीडनमध्ये आईबाप मिळून ४८० दिवसांची रजा आहे, त्यातले ९० दिवस बापाचे. ते आईला देता येत नाहीत, बापानं घेतले नाहीत तर बुडाले.

आणि एक रोमेनिया. १९६६मध्ये तिथल्या हुकूमशहानं, चाउशेस्कूनं, गर्भपात जवळजवळ बंद केला, साधनं मिळेनाशी केली. दर एका वर्षात १.९वरून ३.७वर गेला. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या, आकडा परत घसरला, आणि मधल्या वीस वर्षांत चोरून केलेल्या गर्भपातांत असंख्य बायका गेल्या, अनाथालयं भरली. स्त्रीरोगाच्या डॉक्टरला हे उदाहरण एकदा वाचलं की विसरता येत नाही. 'मुलं वाढवा' ही मोहीम कुठे घसरू शकते याची ती खूण आहे.

आता आपल्या ठाण्यात या. नवरा-बायको, कासारवडवलीकडे राहणारे, पहिला मुलगा चार वर्षांचा. चाचणी पॉझिटिव्ह, सहा आठवडे. दोघं समोर बसले आणि नवऱ्यानं मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. एक्सेल शीट होती. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, शाळेची फी, पाळणाघर, स्कूलबस, आईवडिलांच्या औषधांचे पैसे, विम्याचा हप्ता. दोन रकाने: 'सध्या' आणि 'दुसरं झालं तर'. सगळे आकडे भरलेले. दुसऱ्या रकान्यात पैशांचा मेळ ओढूनताणून का होईना, बसत होता. सर्वांत खाली एक ओळ होती, "संध्याकाळी ६ ते ८:३०" आणि तिच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. बाई महापेहून निघायची साडेसहाला, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी यायला आठ, कधी साडेआठ. नवरा बीकेसीहून त्याच्याही मागून. पाळणाघर बंद व्हायचं सातला. पुढे त्यांनी काय ठरवलं ते सांगणार नाही, ती त्यांची गोष्ट. पण माझ्याकडे दुसऱ्यासाठी 'विचार करून सांगतो' म्हणून गेलेली जी जोडपी आहेत, त्यांतली बरीचशी या अडीच तासांपाशी अडलेली आहेत. सरकारी पाच हजार तिथे पोचतच नाहीत.

हे पाच हजार काय, तेही सांगते, कारण लोक योजनांची गल्लत करतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० मिळतात. राज्याच्या 'लेक लाडकी'मध्ये पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातल्या मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार. या योजना मुलं वाढवायला नाहीतच. पहिली आईच्या पोषणासाठी आणि बुडणाऱ्या रोजगारासाठी आहे, दुसरी मुलगी जगावी-शिकावी म्हणून. त्या कामी त्यांचा उपयोग आहे. त्यांच्याकडून जन्मदर वर आणायची अपेक्षा करणं चुकीचं.

रजेचं म्हणाल, तर २०१७च्या दुरुस्तीनं बारा आठवड्यांची बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे झाली. चांगला कायदा, माझ्या कितीतरी पेशंटना बाळाला सहा महिने अंगावर पाजता आलं त्यामुळे. पण कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) नसलेल्या बाईचा त्या काळातला पगार मालकानं एकट्यानं द्यायचा. मग मुलाखतीत गोड आवाजात विचारतात, "लग्नाला किती वर्षं झाली?" माझी एक पेशंट एका कंपनीत पाचव्या महिन्यापर्यंत ढगळ कुर्ते घालून वावरली. का, तर अप्रेझल व्हायचं होतं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असंही कायदा म्हणतो, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन बाळाला भेटता यावं असंही. पाळणाघर 'टाय-अप'चं, माजिवड्याला, आणि ऑफिस महापेला असेल तर चार वेळा कशी जाणार? आणि हे सगळं ज्यांच्या नोकरीला नेमणूकपत्र आहे त्यांच्यासाठी. तुमच्या-माझ्या घरी काम करणाऱ्या बाईला रजा नाही. माझ्याच ओळखीच्या एका पाळणाघरात मुलं सांभाळणारी ताई दिव्याहून येते. तिची स्वतःची अडीच वर्षांची मुलगी नऊ वर्षांच्या बहिणीकडे असते. ती नऊ वर्षांची त्यासाठी आठवड्यातून दोनदा तरी शाळा बुडवते.

मग आजपर्यंत हे चाललं कसं? आजीवर. आजी हेच आपलं खरं कुटुंब धोरण. आणि इथे एक साधा हिशोब आहे जो कुठल्या धोरणात नाही. मी दवाखाना सुरू केला तेव्हा माझ्याकडे पहिलटकरीण यायची बावीस-तेविसाची. तिची आई पंचेचाळिशीत, टुणटुणीत, एका हातानं बाळ आणि दुसऱ्या हातानं पोळ्या. आता पहिलटकरीण येते एकतीस-बत्तिशीची आणि तिच्याबरोबर आलेली आई किंवा सासू असते बासष्टची, शुगर-बीपीची. दुसऱ्याच्या वेळी ती सहासष्टची. शिवाय ही आजी 'हम दो हमारे दो'च्या काळातली. तिला मुलं दोनच, एक ठाण्यात, एक पुण्यात, आणि नातवंडं दोन्हीकडे. पूर्वी पाच भावंडांत कोणीतरी मावशी, कोणीतरी काकू मोकळी असायची. कमी मुलं झाल्यानं मुलं सांभाळणारेही कमी झाले, आणि त्यानं मुलं आणखी कमी झाली. "माझ्याच्यानं आता दुसरं होणार नाही हो," हे वाक्य मी सुनांपेक्षा सासवांच्या तोंडून जास्त ऐकते. त्यांना सुनेसमोर म्हणायचं नसतं, म्हणून सून आत वजन करायला गेली की हळूच सांगतात.

'तीन हवीत'चं राजकारण थोडक्यात. दक्षिणेतल्या राज्यांनी लोकसंख्या आधी आवरली, आणि लोकसभेच्या जागा पुन्हा वाटल्या तर आपलं वजन घटेल ही त्यांची चिंता आहे, म्हणून आंध्रचे चंद्राबाबू नायडू, तमिळनाडूचे स्टॅलिन बोलले. डिसेंबर २०२४मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवतांनीही तीनाचा आकडा सांगितला. प्रत्येकाची कारणं वेगळी. पण आपल्या नियमांची पुस्तकं उघडा. २८ मार्च २००६नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात सरकारी नोकरीला अपात्र. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं झालेल्याला महापालिकेची, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. प्रसूतिरजासुद्धा दोन हयात मुलांनंतर सव्वीसची बाराच आठवडे होते. म्हणजे व्यासपीठावर तीन आणि कागदावर दोन. आंध्रनं निवडणुकीची ती अट २०२४मध्ये काढली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला तिसऱ्या बाळाची रजा द्यायला लावली. मला विचाराल तर ही शिक्षेची कलमं जावीत, जन्मदर वाढावा म्हणून नव्हे, तर त्यांचा मार बहुतेक वेळा बायकांवर बसतो म्हणून. सरपंचपद वाचवायला तिसरं दत्तक दाखवलेलं, किंवा चौथ्या महिन्यात 'काहीतरी करा' म्हणून आलेलं, हे दोन्ही मी पाहिलंय.

करायचंच असेल तर पाळणाघरं करा. रेल्वे स्टेशनांजवळ, महापालिकेच्या शाळांच्या रिकाम्या वर्गखोल्यांत, रात्री साडेआठपर्यंत उघडी, मुलं सांभाळणारीला धड पगार देणारी. केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडायची सोय आहे, ती शहरात वाढवा. बापाला रजा द्या. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस आहे, खासगीत कायद्यानं एकही दिवस नाही. यानं दर २.१वर जाईल असं मी म्हणणार नाही, बहुधा जाणार नाही. ज्यांना दुसरं मनापासून हवं आहे त्यांची अडचण सुटेल, आणि ज्यांना नको आहे त्यांना कोणी टोचणार नाही.

आता तुमचं. तुम्ही तेहतीसच्या आहात. घाई नाही, पण 'बघू' म्हणून चार वर्षं घालवू नका. पस्तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता उतरते आणि अडतीसनंतर वेगानं. पहिलं सहज राहिलं म्हणून दुसरंही सहज राहील ही खात्री नाही. माझ्याकडे दुसऱ्यासाठी चकरा मारणाऱ्या कित्येकींचं पहिलं लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात राहिलेलं होतं. मैत्रिणीनं केली म्हणून एएमएच चाचणी (अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घाबरू नका. तिचा आकडा कमी आला म्हणून नैसर्गिक गर्भ राहणार नाही असं नसतं. आणि 'पुढे आयव्हीएफ आहेच' हा भरवसा तर मुळीच नको, कारण बीज तुमच्याच वयाचं असणार.

पहिलं सिझेरियन असेल तरी साडेतीन वर्षांचं अंतर पुरेसं झालंय. तांबी बसवलेली असेल तर काढल्यावर पुढच्याच पाळीपासून दिवस राहू शकतात. 'हो' ठरलं तर दोन-तीन महिने आधी फोलिक अ‍ॅसिड सुरू करा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर तपासून घ्या. सहा महिने प्रयत्न करून राहिलं नाही तर या, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्यांदा करून आणा, ती स्वस्त असते आणि कायम शेवटी केली जाते. 'नाही' ठरलं तर तेही नवऱ्यानं स्वतःच्या आईला सांगावं. रोज संध्याकाळी तुम्ही उत्तर देत बसू नका.

आणि निर्णयाच्या आधी सासूबाईंना एकदा अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेऊन आणा. गुडघा बदलायचा सल्ला मिळाला, तर ते ऑपरेशन आधी करून टाका. त्यांना पूर्ववत उठबस करायला तीन-चार महिने लागतील. तुमचे दिवस त्यानंतर.